दहावीचे कला-गुण आणि आडनावातला एक आर: माझा अनुभव

मुलाला गाण्याच्या परीक्षेला बसवायचं असेल तर सगळ्यात आधी त्याच्या शाळेत जा आणि शाळेच्या ऑनलाइन नोंदीत, म्हणजे सरलवर, त्याचं नाव इंग्रजीत कसं लिहिलंय ते एका कागदावर उतरवून आणा. पेटी, वही, तबल्याची साथ हे मागाहून बघता येतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथं सांगतेय.

सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी गाण्याचा वर्ग चालवते. फी घेत नाही. येणारी मुलं यंत्रमाग कामगारांची आणि विडी कामगारांची. घरी बहुतेकांच्या तेलुगू, शाळेत मराठी आणि बंदिश ब्रज भाषेतली. मुलांना याचं काही वाटत नाही, वर्ग बघायला येणाऱ्या पाहुण्यांनाच वाटतं. त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य असतं: मागाच्या आवाजात वाढलेली पोरं, लय रक्तातच असणार. काही रक्तात नसतं. मागाच्या आवाजात वाढलेली पोरं ओरडून बोलतात आणि ओरडूनच गातात. पेटीच्या काळी चार या पट्टीत नुसता सा हळू लावायला शिकवण्यात सुरुवातीचे महिने जातात. जागा मिळाली, जुनी पेटी मिळाली, तानपुरा फोनवर लागतो. ते सगळं बिनबोभाट झालं.

अडचण मूल घरून निघण्याची असते. आई विड्या वळते. मजुरी १००० विड्यांवर. भिजवलेली पानं कापायला, वळलेल्या विड्यांना दोरा गुंडाळायला, जुड्या बांधायला मुलीचा हात लागतो. संध्याकाळचा तास गाण्याला दिला की तेवढ्या विड्या कमी भरतात. अशा घरात जाऊन ‘संगीताने मन घडतं’ वगैरे बोलायला मला लाज वाटते. चालतं ते एकच वाक्य: दहावीला मार्क मिळतात. शास्त्रीय गायन, वादन, नृत्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षा पास झालेल्यांना दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना मिळतात तसेच. हे वाक्य काही मला फार आवडत नाही, पण माझा अर्धा वर्ग त्याच्यावर उभा आहे.

आमची मुलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देतात. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, पुढे मध्यमा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी, म्हणजे आपल्या कुरुंदवाडच्या आणि मिरजेत गाणं शिकलेल्या माणसाने, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते दरबार आणि घराण्यांच्या बाहेरच्या माणसाला गाणं शिकता यावं म्हणून. ती परंपरा पूर्व भागापर्यंत पोचली याचा मला अभिमान आहे. तर आमची एक मुलगी परीक्षा देत देत दहावीत आली. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्या आईने तांदळाच्या डब्यामागे जपून ठेवलेली. ती घेऊन आम्ही कला-गुणांचा प्रस्ताव द्यायला तिच्या शाळेच्या कार्यालयात गेलो.

लिपिकांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि परत दिलं. “नाव जुळत नाही.”

शाळेच्या नोंदीत आडनावात दोन आर. प्रमाणपत्रावर एक. नाव लक्ष्मी, शाळेत ते एक्स घालून, प्रमाणपत्रावर के-एस-एच घालून. वर क्रम वेगळा. तेलुगू घरात आडनाव आधी येतं, आपल्या शाळेतही आधी येतं, पण तिच्या आधार कार्डावर ते शेवटी गेलं होतं. परीक्षेचा फॉर्म आधारवरून भरलेला, कारण या घरांत मुलाच्या नावाचा हाताशी असलेला कागद तोच. आणि वरच्या परीक्षेला खालच्या परीक्षेचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे पहिल्या फॉर्मवर जे नाव गेलं तेच चढत चढत वर आलं.

“मग करायचं काय?” मी विचारलं.

“प्रमाणपत्र दुरुस्त करून आणा की.”

दुरुस्तीसाठी परीक्षा केंद्राने शाळेचं बोनाफाईड मागितलं. रास्त मागणी. शाळेत बोनाफाईड मागितलं तर “कशासाठी?” परीक्षेच्या प्रमाणपत्रासाठी म्हटलं तर, “ते आमच्या शाळेचं नाही, त्याला आम्ही बोनाफाईड कसं द्यायचं?” अहो, तुम्हीच दुरुस्त करून आणा म्हणालात! “हो, पण बोनाफाईडवर कारण लिहावं लागतं, आणि हे कारण यादीत नाही.” यादी मागितली. यादी मिळाली नाही. साहेब मीटिंगला. दुसऱ्या वेळी साहेब होते, शिक्का कपाटात आणि किल्ली रजेवर. मग कुणीतरी सुचवलं, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करा. केलं. त्यावर उत्तर आलं, “हे पालकांचं आहे, बोर्ड मला विचारणार, पालकांना नाही.”

हे सगळं चालू असताना प्रस्ताव पुण्याच्या विभागीय मंडळाकडे पाठवायची मुदत जवळ येत होती. तिची आई प्रत्येक वेळी माझ्याबरोबर यायची, म्हणजे तेवढा रोज बुडवून. कार्यालयाच्या बाकावर बसून तिची बोटं नुसतीच हलत असायची, दोरा नसताना दोरा गुंडाळल्यासारखी. एकदा बाहेर आल्यावर मला म्हणाली, “मॅडम, मार्क मिळतात म्हणलाव की तुम्ही.” तिने तक्रार केली नव्हती. मला मात्र ते शब्द त्या दिवशी जेवू देईनात, आणि माझा राग त्या टेबलावर आणखी वाढला. लिपिक दुष्ट नव्हते, हेही सांगते. आधार जुळत नसलेल्या मुलांच्या याद्या त्यांच्या मागेही लागलेल्या असतात, वरून फोन येतात. पण “आमच्या पुस्तकात जसं आहे तसंच जग असलं पाहिजे” ही जी खुर्चीची सवय आहे, तिची किंमत रोज बुडवणारी बाई देते.

शेवटी काम झालं ते मुख्याध्यापिकांकडे थेट गेल्यावर. आधीच का गेलात नाही म्हणाल, तर टेबल ओलांडून गेलं की टेबल रुसतं, आणि त्याच शाळेत माझी आणखी मुलं आहेत. बाईंनी प्रतिज्ञापत्राकडे पाहिलंही नाही. जनरल रजिस्टर मागवलं, त्यातली जन्मतारीख आणि आईचं नाव प्रमाणपत्राशी आणि आधारशी ताडून पाहिलं आणि शाळेच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या: सदर विद्यार्थिनी व प्रमाणपत्रधारक एकच. खाली सही, शिक्का. शिक्का होता, कपाटही उघडं होतं. त्या पत्रासह प्रस्ताव गेला. निकालात गुण आले तेव्हा मुलीपेक्षा मीच जास्त ओरडले.

आता जे आठवतंय ते सांगते. दहावीत जागे होऊ नका. एका प्रारंभिकवर हे गुण मिळत नाहीत, वरच्या परीक्षाही व्हाव्या लागतात, त्यामुळे पाचवी-सहावीत सुरुवात हवी. किती परीक्षांना किती गुण, ते त्या वर्षीच्या परिपत्रकावर पाहा आणि परिपत्रक शाळेकडून मागून घ्या. ऐकीव आकड्यावर पालकांना शब्द देऊ नका. शाळेकडे अर्ज कराल तो लेखी करा आणि पोच घ्या. ‘सांगून ठेवलंय’ याला कार्यालयात किंमत नाही. आधार आणि शाळा यांचं नाव जुळत नसेल तर आधार दुरुस्त करून घेणं सोपं पडतं; शाळेचं रजिस्टर बदलायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत फाइल जाते. नवीन मुलांचे फॉर्म मी आता पालकांना समोर बसवून, अक्षर अक्षर मोठ्याने वाचून भरते. वाचता न येणारी आईसुद्धा दोन आर की एक ते बरोबर सांगते, कारण मोठ्या भावाच्या वेळी तिने तो त्रास काढलेला असतो.

परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. उन्हाळ्याच्या सत्रात अर्धी मुलं आजोळी तेलंगणात गेलेली असतात, म्हणून आम्ही हिवाळ्याचं सत्र धरतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा लागली की वर्ग तसाही रिकामा. तेव्हा मी मुलांची प्रमाणपत्रं मागवून नावं तपासत बसते. झेरॉक्स माझ्याकडे राहते, मूळ प्रत घरी.