सिकंदरबागेतला तो फोटो

लखनौला उतरल्यावर आधी सिकंदरबाग गाठली. मोबाइलमध्ये फेलिचे बेआतोने १८५८ मध्ये काढलेला फोटो होता. तोफांनी फुटलेली खांबांची इमारत, तिच्यापुढे चार हिंदी माणसं, एक घोडा आणि अंगणभर विखुरलेली हाडं.

वाजिद अली शाहने बांधलेल्या या बागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी इंग्रज सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने सुमारे २,००० बंडवाले शिपाई मारले. बेआतो पोचला तो काही महिन्यांनी. तेव्हा रसायन लावलेल्या काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, हललेलं सगळं पुसट येई. त्यामुळे लढाई टिपणं शक्यच नव्हतं, टिपता यायची ती तिची उरलीसुरली राख. ती हाडं फोटोसाठी उकरून मांडली होती, असं बरेच अभ्यासक मानतात. मला ते पटतं, आणि म्हणूनच तो फोटो बघवत नाही. मेल्यावरही या शिपायांना स्वस्थ पडू दिलं नाही! कॅमेऱ्यासमोर निश्चल राहिलेल्या त्या चौघांना काय वाटलं असेल?

त्याच वसंतात आपले वरसईचे गोडसे भटजी झाशीत अडकले होते. इंग्रजांनी केलेली तिथली कत्तल त्यांनी पाहिली आणि पुढे मराठीत लिहून ठेवली. लखनौचा तो फोटो बघताना मला सारखी त्यांची आठवण येत होती.

आज बागेचा दरवाजा उभा आहे, भिंतीचा थोडा भाग आहे. फोटोतली इमारत मात्र मला कुठे दिसली नाही. बाहेर उदादेवींचा पुतळा आहे. पिंपळावर चढून त्यांनी गोऱ्या सैनिकांना टिपलं, ही आठवण पासी समाजाने जपली. दर १६ नोव्हेंबरला लोक इथे त्यांना वंदन करायला जमतात.

दुपारी रेसिडेन्सी पाहिली, सत्तावन्नात इंग्रज वेढ्यात अडकले होते ती जागा. गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती इंग्रजांनी मुद्दाम तशाच राखल्या. त्यांच्यावर १९४७ पर्यंत युनियन जॅक रात्रंदिवस फडकत असे. त्या वेढ्यात मेलेला इंग्रज अधिकारी हेन्री लॉरेन्स, त्याची कबर इथेच आहे, नावानिशी. हिरवळ नीट कापलेली, जागोजागी पाट्या.

संध्याकाळी पुन्हा सिकंदरबागेकडे वळलो. मोबाइल खिशातच ठेवला आणि अंधार पडेपर्यंत दरवाजासमोर उभा राहिलो.