काय झालंय ते सांगणार नाही, पण मी चिडलेय

मालिका घ्या, सिनेमा घ्या, कादंबरी घ्या, एक प्रसंग हमखास येतोच. ती तोंड फिरवून उभी. तो विचारतो काय झालं, ती म्हणते काही नाही. तो म्हणतो अगं सांग तरी, ती म्हणते तुला चांगलं माहितीये तू काय केलंयस, आणि ताडताड निघून जाते. त्याला कप्पाळ काही माहीत नसतं. आपल्याला मात्र सगळं माहीत असतं, कारण तिने दाराआडून अर्धंच वाक्य ऐकताना आपण बघितलेलं असतं, आणि तेव्हाच आपण मनातल्या मनात ओरडलेलो असतो की बाई थांब, पुढचं अर्धं ऐक. ती काही थांबत नाही. थांबली तर पुढचे कित्येक एपिसोड कशावर काढायचे?

अशा कथेला रॉजर ईबर्ट हा अमेरिकन सिनेसमीक्षक इडियट प्लॉट म्हणायचा, म्हणजे सगळी पात्रं बिनडोक आहेत म्हणूनच जी गोष्ट पुढे सरकते, नाहीतर पाच मिनिटांत मिटली असती. शिवी एकदम चपखल आहे पण लोक ती सरसकट लावतात हे मला पटत नाही. पात्र रागावलंय आणि कारण सांगत नाहीये, म्हणजे लेखक आळशी, असं थोडीच असतं! मी एक साधा प्रश्न विचारते, की हे गप्प बसणं कोणाच्या सोयीचं आहे, पात्राच्या की लेखकाच्या? पात्राच्या असेल तर मी कितीही वेळ थांबायला तयार आहे, आणि लेखकाच्या असेल तर मी फास्ट फॉरवर्ड करते, सॉरी.

आता जेन ऑस्टेनच्या प्राइड अँड प्रेज्युडिसमधला नायक डार्सी बघा (१८१३ ची कादंबरी आहे, स्पॉयलर म्हणून माझ्यावर ओरडू नका). रस्त्यात त्याची आणि विकम नावाच्या एका गोडबोल्या अधिकाऱ्याची नजरानजर होते, एकाचा चेहरा पांढराफटक पडतो, दुसऱ्याचा लाल होतो, आणि नायिका एलिझाबेथ हे बघते. तिला कुतूहल असणारच. मग विकम तिला आपणहून सगळी कहाणी सांगतो, डार्सीने माझा हक्क कसा मारला, माझं आयुष्य कसं नासवलं वगैरे, आणि हे तो जवळजवळ अनोळखी बाईला सांगतोय हे तिच्या तेव्हा लक्षातही येत नाही. पुढे नाचताना ती डार्सीला विकमवरून टोचून बघते तर हा एकदोन कोरडी वाक्यं टाकतो आणि गप्प. का गप्प? कारण खरं सांगायचं तर स्वतःच्या पंधरा वर्षांच्या बहिणीचं नाव मधे येतं, विकम तिला फूस लावून पळवून नेणार होता. म्हणजे सांगितलं तर हा सुटतो आणि बहीण अडकते. शेवटी तो पत्र लिहितो तेही एलिझाबेथने त्याला लग्नाला धडधडीत नकार दिल्यावर, आणि गुप्तता राखशील या भरवशावर.

यात मला सगळ्यात भारी काय वाटतं माहितीये का? ज्याचा राग खोटा आहे तो भेटेल त्याला कारणं सांगत सुटलाय आणि ज्याचा खरा आहे तो तोंड शिवून बसलाय. आणि आपण वाचकही एलिझाबेथसारखेच बोलक्या माणसावर विश्वास ठेवतो, कारण त्याने निदान सांगितलं तरी.

हॅरी पॉटरच्या पुस्तकांतल्या स्नेप मास्तरांचंही थोडं तसंच. हॅरीने काहीही केलेलं नसताना पहिल्याच पुस्तकात हा माणूस त्याच्यावर डूख धरून असतो, आणि खरं पूर्ण कारण उघडं होतं ते थेट सातव्या पुस्तकात, म्हणजे १९९७ ते २००७, दहा वर्षं वाचक ताटकळत. तरी कोणी चिडत नाही कारण मधे मधे कारणं मिळत राहतात, बापाशी वैर होतं वगैरे, ती खोटी नसतात फक्त अपुरी असतात. आणि स्नेप का सांगत नाही हेही पटतं, त्या रागाच्या तळाशी हॅरीच्या आईवरचं प्रेम आहे आणि अपराधीपणा आहे, आणि तो माणूस द्वेष्टा म्हणवून घेईल पण हे कोणाला कळू देणार नाही, तसं वचनच घेतो तो शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर याच्याकडून. (मुलांना वर्गात छळण्याचं समर्थन यातून होत नाही हे माझं मत कायम आहे, पण तो वेगळा वाद.)

पण रागाने गप्प बसण्याचा उस्तादी प्रयोग बघायचा असेल तर कैकेयी. वाल्मीकींच्या अयोध्याकांडातला तो प्रसंग नुसता भांडण म्हणून वाचून बघा, देवाधर्माचं क्षणभर बाजूला ठेवून. दशरथ खुशीत येतो, रामाच्या अभिषेकाची बातमी लाडक्या राणीला स्वतः सांगायची आहे, आणि कळतं काय तर ती क्रोधागारात आहे. मला त्या काळच्या आर्किटेक्टचं कौतुक वाटतं, रागावण्यासाठी स्वतंत्र खोली! तिथे ती जमिनीवर पडलीय, दागिने काढून फेकलेत. राजा घाबरतो आणि अंदाज बांधत सुटतो. कोणी अपमान केला का? बरं नाही का, माझ्याकडे उत्तम वैद्य आहेत. कोणाला मारू, कोणाला सोडू, कुठल्या गरिबाला श्रीमंत करू, कुठल्या श्रीमंताला कफल्लक करू? बघा म्हणजे, अजून तिने एक शब्दही उच्चारलेला नाही आणि हा माणूस निरपराध्याला मारायच्या ऑफर देऊन बसलाय.

मग ती बोलते, आणि काय बोलते तर मला कोणी दुखावलं नाही, कोणी अपमान केला नाही, माझी एक इच्छा आहे, ती पूर्ण करीन असं आधी कबूल कर मग सांगते. झालं. आणि तो शपथ घेतो ती कोणाची, तर रामाचीच. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कारण आधी सांगितलं असतं तर राजाने विचार केला असता, समजूत घातली असती, नाही म्हटलं असतं. कारण नंतर सांगितलं म्हणून तो अडकला. जमिनीवर पड, त्याच्याकडे बघू नकोस, रड, तो रत्नं देऊ करील ती घेऊ नकोस, हे सगळं आधी मंथरेने पढवलेलं आहे, अगदी दिग्दर्शक सीन समजावतो तसं. त्यामुळे इथला अबोला हा भावना अनावर झाल्याचा अबोला नाहीच, ती वाटाघाटीतली चाल आहे. आणि तरीही ती रागावलेली नाही असं मी म्हणणार नाही, मंथरेने पेटवलेला असला तरी राग खराच आहे. खरा राग नाटक करून दाखवता येतो, हे पुष्कळ लेखकांना कळत नाही, ते एकतर खरं लिहितात नाहीतर नाटक.

इयागोचं उलट आहे. शेक्सपियरच्या ऑथेल्लो नाटकातला हा खलनायक आपल्याला, म्हणजे प्रेक्षकांना, सारखी कारणं देत असतो, बढती मला नाही कॅसिओला मिळाली, माझ्या बायकोबद्दल संशय आहे, एक ना दोन. कोलरिज हा इंग्रज कवी म्हणाला होता की हा माणूस नसलेल्या कारणाची शोधाशोध करतोय, आणि तसंच वाटतं खरं. पण सगळा सत्यानाश झाल्यावर ऑथेल्लो विचारतो की का केलंस, तेव्हा हा म्हणतो मला काही विचारू नका, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. म्हणजे ज्यांना कारण कळून काही उपयोग नाही त्या आपल्याला सगळी सांगितली, आणि ज्याचा जन्म उद्ध्वस्त झाला त्याला एकही नाही. इतका दुष्टपणा खुनातही नाही.

आणि मग एजॅक्स. ग्रीक महाकाव्यातला हा धिप्पाड योद्धा माझा या विषयातला सगळ्यात आवडता माणूस आहे. गंमत अशी की ट्रॉयच्या युद्धावरच्या इलियडमध्ये अकिलीस हा सगळ्यात मोठा ग्रीक योद्धा रुसून बसतो तेव्हा त्याची समजूत काढायला जे जातात त्यात हा असतो, आणि तो अकिलीसला सुनावतो की अरे लोक सख्ख्या भावाच्या खुन्याकडूनही भरपाई घेऊन राग सोडतात आणि तू एका मुलीपायी इतका हटून बसलायस. पुढे अकिलीस मरतो, त्याचं चिलखत कोणाला द्यायचं यावर वाद होतो, ते ओडिसियस या दुसऱ्या ग्रीक वीराला मिळतं आणि एजॅक्स स्वतःचा जीव घेतो. ओडिसी या दुसऱ्या महाकाव्याच्या अकराव्या सर्गात ओडिसियस मृतांच्या जगात जातो तेव्हा बाकीचे आत्मे येऊन बोलतात, हा लांब उभा. ओडिसियस गोड बोलतो, म्हणतो ते चिलखत मला मिळालंच नसतं तर बरं झालं असतं, सोड आता राग, ये, बोल. एजॅक्स काही न बोलता वळतो आणि अंधारात निघून जातो. बास. लाँजायनस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ग्रीक समीक्षकाने लिहून ठेवलंय की हे मौन कुठल्याही भाषणापेक्षा थोर आहे.

इथे कारण लपवलेलंच नाही. दोघांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे, आणि बोलून काही मिळणारही नाही कारण एक जण मेलेला आहे. त्याच्याकडे द्यायला किंवा न द्यायला आता एकच गोष्ट उरलीय ती म्हणजे उत्तर, आणि ते तो देत नाही. मालिकेतली ती बया तुला माहितीये तू काय केलंयस म्हणते तेव्हा खरं तर तिला हा एजॅक्सचा सीन करायचा असतो, फक्त समोरच्याला खरंच माहीत नसतं त्यामुळे सगळं फसतं.

रोमन कवी व्हर्जिलने पुढे हाच प्रसंग उचलून डिडो राणीला दिला. त्याच्या एनिड या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात तिचा प्रियकर एनियास गुपचूप जहाजं तयार करून सटकायच्या बेतात असतो, तिला ते कळतं आणि मग ती तासून काढते त्याला, भडाभडा बोलते, आणि तो मोजकं काहीतरी पुटपुटतो. तो जातो, ती जीव देते. सहाव्या सर्गात पाताळात, मृतांच्या जगात, भेटतात तेव्हा सगळं उलटं. आता तो रडतोय, शपथा घालतोय, मला जायचं नव्हतं म्हणतोय, आणि ती जमिनीकडे नजर लावून दगडासारखी, आणि मग आपल्या पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते. एकदा सगळं सांगून झालंय ना, मग परत का सांगायचं? हे मला एजॅक्सपेक्षाही पटतं.

समोरच्या माणसाचं पुढे काय होतं हे मात्र कोणी फारसं बघत नाही. एनियास निदान ती जाईपर्यंत रडत तिच्याकडे बघत राहतो. ओडिसियस काय म्हणतो माहितीये का, की एजॅक्स रागावलेला असूनही कदाचित बोलला असता माझ्याशी, पण मला इतर मेलेल्यांनाही बघायचं होतं. आणि तो खरंच पुढच्याकडे, मिनोस राजाकडे वळतो. दुसऱ्यांदा हाक मारतच नाही. एजॅक्स कशावर रागावला होता ते चिलखताचं एक असेल, पण हे वाक्य वाचल्यावर मी तरी पूर्णपणे एजॅक्सच्या बाजूची झाले.