हीटरच्या ब्लोअरची किरकिर

यवतमाळ जिल्ह्यात हीटर लावतो कोण, असं कोणीही म्हणेल. पण डिसेंबरात पहाटे दारव्ह्याहून नागपूरला निघा, काचेवर आतून धरलेली वाफ त्याच्याशिवाय उतरत नाही. शिवाय हीटरचा पंखा, म्हणजे ब्लोअर, उन्हाळ्यात एसीची हवाही फेकतो. माझ्या जुन्या गाडीत तो सुरू केला की किंचाळायचा, थंडीत जरा जास्तच.

"मोटरच बदला भाऊ, काऊन डोकं लावता?" गॅरेजवाल्याने एका वाक्यात निकाल दिला. मला पटेना. इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तरी आवाज होता, आणि पंख्याचा नंबर वाढवला की तोही चढायचा. म्हणजे इंजिनावर फिरणारे पट्टा, अल्टरनेटर निर्दोष. नीट कान दिला तर आवाज दोन होते: कोरड्या बुशची (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्याची) किंचाळी आणि मधूनच टकटक.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. ग्लव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबला की खाली लोंबतो. मोटर त्याच्या मागे, खालच्या अंगाला. प्लग आणि हवेची बारकी रबरी नळी काढली. मग तीन स्क्रू. दोन सहज निघतात, तिसऱ्यासाठी ठेंगणा पेचकस घेऊन, मान डॅशबोर्डखाली आणि पाय दाराबाहेर करून पडावं लागतं. ज्याने ही जागा ठरवली त्याला एकदा तरी तसं झोपवलं पाहिजे.

मोटर खाली आली तशी कडूनिंबाची वाळकी पानं, कापसाचे पुंजके आणि कुरतडलेली सरकी अंगावर पडली. वेचणीच्या दिवसांत गाडी कापसाच्या गंजीशेजारीच उभी असते. उंदराने काचेखालच्या जाळीतून शिरून संसार थाटला होता. लेंड्याही असतात, तोंडाला रुमाल हवाच. टकटक तिथेच मिटली.

पाती जुन्या दातघासणीने साफ केली. एका पात्यावर पत्र्याची नखाएवढी क्लिप दिसेल, ती कचरा समजून उपटू नका. पंख्याचा तोल तिच्यावर आहे.

आता खरी परीक्षा. पंखा धरून दांडा आडवा हलवून पाहायचा. खडखड हलला तर बुश झिजलं, तेलाने काही होणार नाही, गॅरेजवाला बरोबर. माझा हलत नव्हता, फक्त जड फिरत होता. हे बुश सहसा सच्छिद्र काशाचं असतं, तेल पिऊन ठेवतं. म्हणून ग्रीस उपयोगाचं नाही, ते आत मुरत नाही. गंज सोडवायचा स्प्रे मारला तर आवाज जातो, पण थोड्याच दिवसांत परततो. वहिनीच्या शिलाई मशीनचं तेल काडीच्या टोकाने दांड्याच्या मुळाशी थेंब थेंब सोडलं, हाताने फिरवत राहिलो आणि मोटर तशीच उभी ठेवून जेवायला गेलो. दुसऱ्या टोकाच्या बुशला मात्र हात आखडता घ्यायचा. तिथेच मोटरला वीज पोचवणारे कार्बन घासतात, तेल ओघळलं तर ते चिकटतात आणि मोटर खरंच बदलावी लागते.

जास्तीचं तेल पुसून, दोन वायरींनी मोटर थेट बॅटरीवर चालवून पाहिली, मगच बसवली. त्या तिसऱ्या स्क्रूसाठी पुन्हा आडवं पडण्याची हौस नव्हती.

किंचाळी गेली. चार नंबरवर हवेची घूंघूं राहिली आहे, ती असतेच. काचेखाली आता आतून मोठ्या भोकांची जाळी लावली. बारीक लावली तर हवाच अडते.