एक सूत

मे महिन्यात दुपारी दोन वाजता साइटवर जायचं नाही, असं मी दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी जाते. जळगावात सगळी घाई नेमकी तेव्हाच. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की लग्नं, लग्नं आटोपली की वास्तुशांत, आणि प्रत्येकाचं एकच पालुपद, ‘मॅडम, पावसाच्या आत हातावेगळं करा.’ परवाही गेले. खिडकीत उन्हात पडलेला टेप उचलला आणि तापला तवा टाकावा तसा टाकून दिला. मिस्त्री गालात हसले. म्हणाले, “ताई, दाराला किती फट सोडू?”

“एक सूत,” मी म्हटलं. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं.

कारण सुरुवातीला मी काहीच सोडत नसे. फटीतून कागद सरकला तरी काम परत करायला लावायची. पहिलं स्वतंत्र काम मिळालं तेव्हाची गोष्ट. देवघराला अस्सल सागाचं दार, एप्रिलात बसवलेलं, असं घट्ट की बघत राहावं. तेव्हाचे मिस्त्री टोपी मागे सरकवून एवढंच म्हणाले, “पाऊस येऊ द्या.” पाऊस आला. आषाढी एकादशीला सकाळी सातला फोन, “मॅडम, देव आत अडकलेत!” धावत गेले. आजोबा सोवळं नेसून, हातात तुळस घेऊन दाराबाहेर उभे. मिस्त्री रंधा मारत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग तो काय! पण लाकूड आडव्या अंगाला फुगतं, उभ्या अंगाला जवळजवळ नाहीच, हे कॉलेजात पाठ केलं होतं आणि त्या सकाळी कळलं. प्लायचं बरं असतं, त्याचे थर एकमेकांना आडवे घालून दाबलेले, कुणी कुणाला फुगू देत नाही. (आमच्या भाऊबंदकीसारखं.) आणि टेपही काही धुतल्या तांदळाचा नाही. पोलादी टेपाचं माप 20 अंशांना खरं धरतात. आमच्या 45 अंशांत पाच मीटरचा टेप दीडेक मिलिमीटरनं लांबतो. म्हणजे अर्धा सूत हवेतच गेला. तरी माझी मोजायची खोड जात नाही. शेवभाजी यायला उशीर झाला की मी हॉटेलातलं टेबल मोजते. घरचे आता ओळख दाखवत नाहीत.

ही खोड लागली कुठून? अमळनेर तालुक्यात आमचं पाच खणांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, घर होतं. मृगाच्या आधी आबा धाब्यावर खारी माती पसरायचे आणि आम्ही पोरं ती तुडवायचो. तुडवणं हे काम आहे असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून छान व्हायचं. आणि वैशाखातली दुपार म्हणजे दार लोटलेलं, आत काळोख, सारवलेल्या गार जमिनीवर सगळे आडवे. दाराच्या उजव्या फळीतली एक गाठ कधीतरी गळून पडली होती. त्या भोकातून समोरच्या भिंतीवर अख्खी गल्ली उतरायची, पण उलटी. निंबाचं झाड वरून खाली लोंबायचं. बैलगाडी चाकं वर करून जायची. गारीगारवाला डोक्यावर चालत यायचा, त्याची घंटी मात्र सुलटी ऐकू यायची. मी बोटांनी मोजायची, निंब किती बोटं, गाडी किती बोटं. गाडी नेहमी निंबापेक्षा मोठी भरायची. हे मी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, झोप आता.

आषाढ लागला की तेच दार गच्च. आबांनी लाथ घातली तरी वीतभर उघडंच राहायचं. चोराचिलटाची काळजी आम्हालाच. आजी म्हणायची, “ऱ्हाऊ दे उघडं. काय शे आपलाघर लई जावाले?” श्रावणात कानबाईचे रोट खायला भाऊबंद यायचे, तेव्हा तर ते लावायचा प्रश्नच नसे.

असो. परवाच्या दाराला मिस्त्रींनी एक सूत सोडलं. मालकांनी लगेच त्यावर रबराची पट्टी सांगितली, एसीची हवा जाते म्हणून. मी यादीत लिहून घेतलं.

गावचं घर गेल्या वर्षी मे महिन्यात गेलं. पाडायच्या आधी दार जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेलं, कुठल्याशा फार्महाउसला लावणार म्हणे. भाव घनफुटावर. माप घरात दुसरं कोण घेणार, मीच घेतलं. लांबी, रुंदी, जाडी. गाठीचं भोक त्यानं वजा केलं नाही, मीही बोलले नाही.

रात्री चुलतभावाचा फोन आला. “आषाढात मोजायचं ना ताई,” तो म्हणाला, “दोन सूत जास्त भरलं असतं.”

हो, म्हटलं. भरलं असतं.