बिल्ड कुठल्याही मशीनवर चालायला पाहिजे

आज लातूरच्या ऑफिसात नव्या पोरीच्या लॅपटॉपवर बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) फेल. अँटला, म्हणजे जावाचं बिल्ड करणाऱ्या टूलला, टास्कच (बिल्डमधलं एक काम) सापडेना. स्क्रिप्ट तीच, पण त्या टास्कची जार (जावा कोडची बांधलेली फाईल) जुन्या मशीनवर अँटच्या लिब फोल्डरात कुणीतरी कधीतरी टाकलेली, नोंद कुठंच नाही! बिचारीला वाटलं, आपलंच चुकलं. याचंच लई वाईट वाटतं.

मग दोघींनी बसून आयव्ही, म्हणजे लागणाऱ्या जार आपोआप आणणारं अँटच्या जोडीचं टूल, लावलं. जारचं नाव आणि नेमकी आवृत्ती फाईलीत लिहिली. ती मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक रिपॉझिटरीवरून (जारच्या साठ्यावरून) उतरते, टास्कडेफला (अँटला नव्या टास्कची ओळख करून देणारी ओळ) क्लासपाथ, म्हणजे कोड शोधायची जागा, तोच. 'लेटेस्ट' लिहू दिलं नाही, आज चाललेलं उद्या मोडतं. २०२१ मध्ये जेसेंटर ही तशीच रिपॉझिटरी बंद करायची घोषणा झाली, तेव्हा कितीतरी प्रोजेक्टांना रिपॉझिटरी बदलावी लागली. म्हणून जारची एक प्रत ऑफिसच्या सर्व्हरवरही ठेवली; पावसाळ्यात इथं नेटचा काय भरवसा?

उद्या जुन्या मशीनवरची ती जार काढून बिल्ड चालवणार.