जिप्समचा रकाना: दोन चुका जुळल्या आणि मी पेढे आणायला निघालो होतो

कुठला क्षार पाण्यात किती विरघळतो याचा एक तक्ता मी घरच्या प्रयोगांनी पडताळतोय. मागच्या खेपेला ‘कॅल्शियम-सल्फेटचा (म्हणजे जिप्समचा) रकाना सुटला’ असं छातीठोकपणे लिहिलं होतं. ते मागे घेतो. सुटला नव्हता, मलाच गंडवून बसला होता.

तक्त्याचा हिशोब असा होता: जिप्समचं केएसपी (द्रावण पूर्ण भरल्यावर त्यातल्या कॅल्शियम आणि सल्फेटच्या प्रमाणांचा गुणाकार) ३.१४ × १०⁻⁵, वर्गमूळ ०.००५६ मोल, गुणिले १७२ (एका मोलचं ग्रॅममधलं वजन), म्हणजे लिटरला ०.९६ ग्रॅम. मग कोल्हापूरच्या बापट कॅम्पातून आणलेलं प्लास्टर भिजवून घट्ट केलं (घट्ट झालं की ते जिप्समच), कुटलं, तीनदा धुतलं. बॅटरीच्या पाण्यात जास्तीचं टाकून दोन दिवस हलवलं, गाळलं आणि टीडीएस पेन बुडवला (पाण्यातून वीज किती वाहते यावरून तो विरघळलेल्या क्षाराचा लिटरला मिलिग्रॅममधला अंदाज देतो). १०८०! म्हणजे लिटरला एक ग्रॅमच्या जरा वर. हिशोब आणि पेन एका सुरात बोलतायत म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल?

शंका आली ती थेंबांमुळे. ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) खताच्या दुकानातल्या कॅल्शियम नायट्रेटचा ०.१ मोलरचा (लिटरला ०.१ मोल) एक थेंब आणि एप्सम सॉल्टचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) तेवढाच एक. मिसळल्यावर दोन्ही निम्मे होतात, गुणाकार ०.००२५, म्हणजे केएसपीच्या जवळजवळ ८० पट. साका (न विरघळणारा गाळ) धाडकन पडायला हवा. पंधरा मिनिटं भिंगातून बघत बसलो, थेंब आपला काचेसारखा स्वच्छ. सकाळी बघतो तर कडेला सुयांचा झुपका, केसाएवढ्या बारीक, एकमेकींत अडकलेल्या. दिसायला लई भारी, पण माझं डोकं फिरलं. स्फटिकाला सुरुवात करायला वेळ लागतो हे मान्य, पण ८० पट असताना इतका आळस?

शेवटी सरळ मार्ग धरला. गाळलेलं २०० मिलि द्रावण स्टीलच्या ताटात घालून, वर मलमल बांधून गच्चीवर ठेवलं. गॅसवर मुद्दाम आटवलं नाही, उष्णतेनं जिप्सममधलं पाणी उडतं आणि वजन फसवतं. (आई म्हणाली, “ते ताट आता तुझंच, परत आमच्यात आणू नकोस.”) तिसऱ्या दिवशी खरवडून गुजरीतून (सराफ बाजारातून) घेतलेल्या काट्यावर ठेवलं: ०.५० ग्रॅम. म्हणजे लिटरला २.५. हिशोबाच्या अडीचपटीहून जास्त!

चूक दोन्हीकडे होती. वर्गमूळाचा हिशोब धरून चालतो की प्रत्येक आयन (विद्युतभार असलेला कण) पाण्यात सडाफटिंग फिरतो. कॅल्शियम आणि सल्फेट दोघांवर दुहेरी भार. ते एकमेकांभोवती घुटमळतात, काही तर पाण्यातही जोडीनंच राहतात. त्यामुळे साका पडायला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त लागतं, आणि माझे ८० पट प्रत्यक्षात पार थोडे उरतात. जोडीवर एकूण भार शून्य, म्हणून ती वीज वाहत नाही आणि पेनाला दिसतच नाही. वर आमचा स्वस्त पेन वाहकतेला मिठाच्या अंदाजानं निम्म्यानं गुणतो. दोन चुका नेमक्या एका आकड्यावर येऊन भेटल्या. टीडीएस पेन घरच्या आरओसाठी ठीक, विद्राव्यतेसाठी त्याच्या नादी लागू नका.

पडताळा म्हणून मिठाचा प्रयोग केला आणि हा मात्र नाद खुळा निघाला. दोन बरण्यांत २००-२०० मिलि पाणी, प्रत्येकीत १ ग्रॅम जिप्समची पूड. एकीत २० ग्रॅम मीठ. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्याच्या बरणीत तळाला पांढरा थर तसाच, मिठाच्या बरणीचा तळ साफ. सोडियम-क्लोराइडची गर्दी मधे घुसली की कॅल्शियम-सल्फेटला एकमेकांना गाठणं अवघड जातं. टेबल मीठ घेऊ नका, मोकळं राहण्यासाठी त्यात घातलेल्या पुडीनं पाणी गढूळ होतं. खडा मीठ विरघळवून गाळून घ्या.

आकाराचा नियम (सारख्या आकाराच्या आयनांची जोडी घट्ट जमते, म्हणून कमी विरघळते) मात्र अजून टिकून आहे. लहान हायड्रॉक्साइडसोबत मॅग्नेशियम तळाला बसतं, बेरियम विरघळतं, मोठ्या सल्फेटसोबत बरोबर उलटं. एप्समच्या द्रावणात चुन्याची निवळी घातल्यावर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे पांढरे ढग आले तेव्हा बरं वाटलं. कॅल्शियम दोन्ही रांगांत अधेमधे लोंबकळतं, म्हणूनच हा रकाना इतका छळतो.

पुढे बेरियमचा रकाना घ्यायचं ठरलं होतं. पण ते विषारी, घरात नकोच, शिशासारखाच कागदावर सोडवू. त्यापेक्षा हे लिहिता लिहिता पीओपीच्या मूर्ती आठवल्या. पीओपी म्हणजे हेच प्लास्टर. मूर्ती विरघळवायला पुण्याच्या एनसीएलनं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं) सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत म्हणजे आपल्या तक्त्याचंच गणित. कॅल्शियम कार्बोनेट शुद्ध पाण्यात लिटरला काही मिलिग्रॅमच विरघळतं, त्यामुळे कॅल्शियम हे सल्फेटला सोडून कार्बोनेटकडे जाणार आणि अमोनियम सल्फेट पाण्यात राहणार.

उरलेल्या प्लास्टरचा ५० ग्रॅमचा तुकडा आत्ताच अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्याच्या बादलीत टाकला. बुडबुडे येतायत, अमोनियाच्या वासानं नाक झोंबतंय, गच्चीचं दार उघडं ठेवलंय. रोज सकाळी तुकडा काढून वजन करणार. त्याऐवजी खायचा सोडा घालून कुणी करून बघितलंय का?