तळहातांचा घाम आणि आमचे घराणे

मुंबईत घामाची तक्रार कोणी मनावर घेत नाही. मे महिन्यात दादरच्या फलाटावर प्रत्येकजण निथळत असतो, त्यामुळे एखाद्याचे तळहात जानेवारीत, वातानुकूलित कचेरीत बसूनही ओले राहतात यात काही वेगळे आहे, हे घरच्यांच्याही ध्यानात येत नाही. आमचे आजोबा लिहिताना हाताखाली टीपकागद ठेवत, आत्या पदराला हात पुसल्याशिवाय कोणाचा हात धरत नसे आणि माझ्या उत्तरपत्रिकांवर शाई फुटत असे. तरी सगळा दोष समुद्राकाठच्या दमट हवेचा. ती हवा वडिलांना मात्र कशी बाधली नाही, हे कोणी विचारले नाही. त्यांचे तळहात ठणठणीत कोरडे आहेत.

या विकाराला प्राथमिक हायपरहायड्रोसिस म्हणतात. यात घर्मग्रंथी संख्येने आणि रचनेने सर्वसामान्यच असतात. त्यांना चालना देणारी अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला आपोआप सज्ज करणारे मज्जातंतूंचे जाळे, मात्र गरजेपेक्षा जास्त सक्रिय असते. तो बहुधा बालपणी किंवा पौगंडावस्थेत सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच असतो आणि झोपेत थांबतो. निरनिराळ्या अभ्यासांत साधारण ३० ते ६५ टक्के रुग्णांच्या घरात आणखी कोणालातरी हा त्रास असल्याचे आढळले आहे.

अनेक कुटुंबांच्या वंशावळींवरून हा वारसा प्रभावी स्वरूपाचा दिसतो, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडून बदललेल्या जनुकाची एक प्रत मिळाली तरी पुरते आणि ती प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, जाण्याची शक्यता निम्मी असते. मात्र प्रत मिळालेल्या प्रत्येकात लक्षण उमटतेच असे नाही. वडील असेच कोरड्या हातांचे वाहक असावेत, असा माझा तर्क आहे. अर्थात एका घरावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि आईच्या माहेरी कोणाचे हात ओले होते याची चौकशी आम्ही कधी केलेली नाही. २००६ साली काही जपानी कुटुंबांत या विकाराचा संबंध चौदाव्या गुणसूत्राच्या एका भागाशी जोडला गेला, पुढे इतर गुणसूत्रांकडेही बोट दाखवले गेले, पण सर्व रुग्णांना लागू पडेल असे एक जनुक हाती लागलेले नाही. म्हणून या घामासाठी जनुकीय चाचणी करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही. त्वचारोगतज्ज्ञ लक्षणांवरून आणि घरातल्या माहितीवरूनच निदान करतात.

मात्र मोठेपणी अचानक सुरू झालेला किंवा रात्री अंथरूण भिजवणारा घाम घराण्याच्या खाती टाकू नये. त्यामागे थायरॉइड, क्षयरोग किंवा एखादे चालू औषध असू शकते आणि त्याची तपासणी वेगळी असते.